सिंहमानव घडवणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय होतं?

गुहेकरी:
जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेतला सिंहमानव घ्या. मॅमथच्या (हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या) सुळ्यातून कोरलेला, ३१ सेंमी उंच, साधारण ४०,००० वर्षं जुना, धड माणसाचं नि मुंडकं सिंहाचं. असा प्राणी कुणी पाहिलेलाच नाही, म्हणजे तो आधी डोक्यात जन्मला. प्रतिकृती करणाऱ्याला दगडी हत्यारांनी ३५० हून जास्त तास लागले, तेवढा वेळ बाकीच्यांनी त्याला बसून खायला घातलं असणार ना? माझ्या मते हा धर्मच.

तर्कटमामा:
तास मोजून धर्म कसा काय सिद्ध होतो बुवा? हिमयुगातला हिवाळा, बाहेर बर्फ, दुसरं करणार काय. आणि ही मूर्ती अख्खी मिळालीच नव्हती, १९३९ ला तुकडे सापडले, लगेच युद्ध लागलं, ते पडून राहिले आणि जोडायला घेतले थेट १९६९ ला. मग कुणी म्हणे पुरुष, कुणी म्हणे बाई. इथे लिंग ठरत नाही आणि लोक श्रद्धा ठरवून मोकळे!

गुहेकरी:
मामा, एकट्याची लहर असती तर मान्य केलं असतं. पण शेजारच्या खोऱ्यात होले फेल्सलाही छोटासा सिंहमानव सापडलाय, जेमतेम अडीच सेंमीचा. म्हणजे ही कल्पना चार लोकांत फिरत होती, कुणीतरी ती कुणालातरी सांगितली होती.

खानदेशी:
हे बरोबर, पण जपून हं. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळींच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी मिळाली, ती खरी मानतात. पण भारतातली असली बरीच 'कोरीव' कवचं नंतर नैसर्गिक खुणांची निघाली. उत्तर प्रदेशातल्या बेलन खोऱ्यात लोहंदा नाल्यात मिळालेलं ते कोरीव हाड, ज्याला वर्षानुवर्षं मातृदेवी म्हटलं, ते मासे मारायचं हार्पून असावं असंही म्हणतात. आपल्याला देवी दिसायची घाईच फार.

तर्कटमामा:
हेच तर बोंबलून सांगतोय!!

गुहेकरी:
सिंहमानवाच्या डाव्या दंडावर ७ समांतर चरे आहेत मामा, ते काय झाडाच्या मुळांनी पाडले?

तर्कटमामा:
माणसानेच पाडले, कोण नाही म्हणतंय. गोंदण असेल, जखमा असतील, नुसती हौस असेल. कल्पनाशक्ती दिली तुम्हाला, गोष्टही दिली. पूजा मात्र नाही देत, त्याला अजून पुरावा आणा.