मदत हवी आहे: हरणावर बाण कधी सोडायचा आणि कधी नाही?

नमस्कार मंडळी. भाचा आमचा साताऱ्याचा, कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्यावर तयार झालेला, सध्या मिशिगनमध्ये नोकरीला. तिथे ऑक्टोबरपासून धनुष्याने हरणाची शिकार परवाना काढून करता येते, मित्रांबरोबर तोही निघालाय. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे इथला वाद नको.)

त्याचं म्हणणं, "मामा, पन्नास मीटरवर टार्गेटचा मधला दहा गुणांचा गोल लागतो, वीस-पंचवीस मीटरचं काय घेऊन बसलात?" मला हे पटत नाही. टार्गेट जागचं हलत नाही. बाण जातो सेकंदाला २८० फुटांच्या आसपास, दोरीचा आवाज ११०० च्या वर. सावध हरीण आवाजासरशी खाली दबतं आणि फुप्फुसावर धरलेला बाण वर पाठीत बसतो. मग जखमी जनावर रानभर.

हरीण आडवं उभं असेल किंवा तोंड पलीकडे करून तिरकं असेल तरच सोडायचा, समोरून कधीच नाही, एवढं त्याला माहीत आहे. अडतंय पुढे. मचाणाच्या अगदी खाली आलं तर एकच फुप्फुस सापडतं म्हणतात, मग किती जवळ आलं की हात आवरायचा? तिरक्या हरणाला नेम अलीकडच्या खांद्यामागे, की पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत? आणि पोटात लागलाच, तर माग काढायला किती तास थांबता?

तिकडे प्रत्यक्ष शिकार केलेल्यांनीच सांगा. "शिकार वाईट" एवढंच लिहायचं असेल तर ते आमच्या ताईने त्याला फोनवर रोज सांगून झालंय.