फिक्सीचा मागचा कॉग सुटतोय, नवीन पार्ट घेताना काय काय जुळवायचं? (बडोदा)

मांजलपूर_ते_फतेगंज

नमस्कार मंडळी. हॉस्टेल सोडून गेलेल्या एका सिनियरकडून सेकंडहँड फिक्स्ड गिअर सायकल (फिक्सी, चाक फिरतं तोवर पॅडलही फिरतच राहतं ती) घेतलीय. स्टीलची फ्रेम, मागचे ड्रॉपआउट (एक्सल बसतो त्या खाचा) मागच्या बाजूला उघडणारे, पुढे एकच ब्रेक, पुढच्या चेनव्हीलला 48 दाते, मागच्या कॉगला 16. मांजलपूरवरून रोज फतेगंजला जातो, आपल्याकडे रस्ता सपाट त्यामुळे चालवायला जाम मजा येते. पण हल्ली स्पीड कमी करायला पॅडलवर उलटा जोर दिला की मागे टक्क करून पॅडल थोडं मोकळं जातं आणि मग पकडतं. चेन लोंबतेय, कॉगचे दाते एका बाजूला झुकलेत, आणि क्रँक (पॅडलचा दांडा) हलवला की बीबीतून (त्याच्या मधल्या बेअरिंगमधून) कटकट आवाज येतो, म्हणजे एकूण सगळंच आलं.

एका दुकानात दाखवली तर म्हणाले हे असलं इथे मिळत नाही, साधं फ्रीव्हील (पॅडल थांबवलं तरी चाक फिरू देणारं) टाकून त्याला वेल्डिंग मारून देतो, फिक्स होऊन जाईल. ऑनलाइन "16 टी फिक्सी कॉग" नावाने दहा प्रकार दिसतात, फोटोत सगळे सेम. मित्र त्याच्या गिअरवाल्या सायकलचं मागचं चाक फुकट द्यायला तयार आहे. ते बसेल का? नेमकं काय मोजू आणि काय मागवू?

कलाभवनचा_जुना

वेल्डिंग अजिबात मारू नकोस रे बाबा. फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरळ आट्यांनी चढतं, पॅडल पुढे मारशील तसं आणखी घट्ट होत जातं, ते ठीक. पण तू उलटा जोर दिलास की तेच आटे सुटायला लागणार, वेल्डिंग फ्रीव्हीलच्या आत आहे, हबला त्याचं काय. भर रस्त्यात ब्रेक म्हणून पाय दाबायचा आणि अख्खं फ्रीव्हील हबवर फिरून सुटायचं. शिवाय वेल्डिंगच्या गरमीने दात्यांचं टेम्परिंग जातं ते वेगळं.

आधी चाक काढ, कॉग उतरव आणि हबचे आटे जुन्या टूथब्रशने केरोसीन लावून साफ करून नीट बघ. खरा ट्रॅक हब (फिक्सीसाठीच बनवलेला) असेल तर दोन पायऱ्या दिसतील. आतली मोठी, तिच्यावर कॉग चढतो, आणि बाहेरची जराशी लहान, तिचे आटे उलटे. त्या उलट्या आट्यांवर लॉकरिंग (कॉग अडवून धरणारी कडी) बसते. तू उलटा जोर दिलास की कॉग सुटायला बघतो आणि घासून लॉकरिंगला पण त्याच दिशेला ढकलतो, पण लॉकरिंग उलट्या आट्यांची असल्यामुळे ती त्या दिशेला घट्टच होते. सगळी गंमत एवढीच आहे. तुझी टक्क म्हणजे लॉकरिंग ढिली आहे किंवा तिचे आटे गेलेत.

एकच पायरी दिसली तर तो फ्रीव्हीलचा हब, त्याच्यावर कॉग चढवून बाहेरून बीबीची लॉकरिंग आवळणारे लोक आहेत, आटे जुळतात पण ती पण सरळच आट्यांची, म्हणून त्याला सुइसाइड हब म्हणतात. तसं असेल तर कॉग मागवूच नकोस, चाकच बदल.

मापं: बहुतेक हबना कॉगचे आटे 1.37 इंच गुणिले 24 आणि लॉकरिंगचे 1.29 गुणिले 24, हे इंग्लिश किंवा आयएसओ म्हणून लिहिलेलं असतं. जुन्या कॅम्पाग्नोलो हबची लॉकरिंग 1.32 ची आणि जुनं फ्रेंच माप तर पूर्ण वेगळं. इंग्लिश लॉकरिंग त्या हबवर जबरदस्तीने चढवलीस की हब गेला. लिस्टिंगमध्ये आट्यांचं माप लिहिलेलं नसेल तर पुढे सरक, स्वस्त असलं तरी.

पाद्रारोड_सकाळी_सहा

वरच्या काकांशी सहमत, आता मी चेनचं बोलते कारण लोक तिथेच फसतात.

चेनची रुंदी दोन प्रकारची, 1/8 इंच आणि 3/32 इंच. 1/8 ची चेन दोन्ही जाडीच्या दात्यांवर चालते, थोडी सैल वाटेल एवढंच. 3/32 ची चेन 1/8 च्या दात्यांवर बसतच नाही. तेव्हा शंका असेल तर 1/8 ची चेन घे. पण आधी जुनी मोज, स्टीलची पट्टी घे, पिनच्या मध्यापासून बरोबर 12 इंच व्हायला पाहिजेत. 12 आणि 1/16 झाले तर चेन बदल, 12 आणि 1/8 झाले असतील तर कॉग आणि पुढचं चेनव्हील पण त्या चेनबरोबर झिजलेत, तिघं एकदमच बदल. झिजलेल्या कॉगवर नवी चेन टाकलीस तर ती करकरत राहते आणि लवकरच तीही खराब होते.

दुसरं, मागे 16 च का घेतोयस? 48 ला 16 ने बरोबर तीनचा भाग जातो, त्यामुळे स्किड मारलीस (पाय रोखून मागचं चाक घसरवलंस) की पॅडल त्याच पोझिशनला आणि टायरही दर वेळी त्याच एका जागी घासणार. 17 घे, गिअर किंचित हलका होईल आणि टायरच्या 17 वेगवेगळ्या जागा मिळतील. एक दाता वाढला की चाक साधारण 3 मिमी पुढे येतं, ड्रॉपआउटमध्ये जागा आहे का तेवढी बघ.

आणि चेनलाइन (सायकलच्या मध्यरेषेपासून दात्यांचं अंतर)!! पुढचे दाते आणि मागचे दाते एका सरळ रेषेत नसतील तर चेन उडते, आणि फिक्सीची चेन उडाली तर पाय थांबवता येत नाहीत, चेन मागे अडकली तर चाकच लॉक होतं. पुढे: सीट ट्यूबची जाडी मोज, अर्धी कर, त्यात ट्यूबच्या बाजूपासून दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर मिळव. समजा ट्यूब 28.6 मिमीची तर 14.3 अधिक 28 म्हणजे 42.3. मागे: हबची रुंदी, एका लॉकनटच्या बाहेरच्या बाजूपासून दुसऱ्यापर्यंत, तिची अर्धी कर आणि त्यातून लॉकनट ते दात्यांचा मध्य वजा कर. 120 ची अर्धी 60, वजा 18, म्हणजे 42. ट्रॅकची चेनलाइन 42 च्या आसपासच असते. एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, तीन असेल तर बीबीपासून विचार करावा लागेल.

मकरपुरा_लेथ

मित्राच्या चाकाचा नाद सोड. गिअरवाल्या सायकलच्या मागच्या हबवर कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) असेल तर तिथे कॉगला आटेच नाहीत. रुंदीही रोडची 130, एमटीबीची 135, तुझी ट्रॅक फ्रेम असेल तर 120. स्टीलची फ्रेम हाताने थोडी फाकते म्हणून काही लोक चाक कोंबतात, मग ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत आणि एक्सल वाकतो. अॅल्युमिनियमची असेल तर तेही करू नये, तडा जातो.

बीबीचं सांगतो. शेलची (फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसते तिची) रुंदी मोज. 68 आली तर बहुतेक इंग्लिश, 70 आली तर इटालियन. इंग्लिशमध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, म्हणजे काढताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. आमच्याकडे लोक फ्रेम घेऊन येतात ना तेव्हा निम्म्यांनी तो कप चुकीच्या बाजूला पाइप लावून आवळलेला असतो, मग आम्ही बसतो टॉर्च घेऊन. इटालियनचे दोन्ही कप सरळच.

क्रँक चौकोनी टेपरवर (एक्सलच्या निमुळत्या चौकोनी टोकावर) असेल, कॉटर पिनवाला नसेल तर, आधी क्रँक पुलर आण, हातोडी नाही. टेपरमध्ये पण दोन जाती आहेत, जेआयएस आणि आयएसओ. जपानी आणि बहुतेक स्वस्त क्रँक जेआयएस, कॅम्पाग्नोलो आयएसओ. आयएसओचा क्रँक जेआयएस एक्सलवर चढवला तर साडेचार मिमी बाहेरच थांबतो, मग ताईंनी सांगितलेली चेनलाइन गेली. जुन्या काट्रिजवर (एकसंध बंद बीबीवर) एक्सलची लांबी छापलेली असते, 103, 107, 110, 113 असं काहीतरी. चेनलाइन आत्ता बरोबर असेल तर तीच लांबी घे, उगाच डोकं चालवू नकोस.

चेनव्हील बदलायचं असेल तर बोल्टचं वर्तुळ बघ. पाच बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर मोज, 84.6 मिमी आलं तर 144 चं, 76.4 आलं तर 130 चं.

फक्त_ब्रेकवाला

सगळं बरोबर आहे पण मला एक कळत नाही, बडोद्याच्या ट्रॅफिकमध्ये फिक्स कशाला पाहिजे. रावपुऱ्यातून जाताना समोर गाय, बाजूला रिक्षा, मागून बुलेट. फ्लिपफ्लॉप हबचं चाक घे, एका बाजूला कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. शहरात फ्रीव्हील, रविवारी सिंधरोटला फिक्स. मात्र फ्रीव्हीलवर पायाचा ब्रेक राहत नाही, मागे ब्रेक बसवायला फ्रेमला भोक आहे का ते आधी बघ.

पाद्रारोड_सकाळी_सहा

रावपुऱ्यात तर मी चालतच जाते, तिथे फिक्स फ्री सगळं सारखंच 😄 पण पुढचा ब्रेक काढू नकोस हे मात्र खरं, काही मुलं दिसायला छान म्हणून काढतात.

मांजलपूर_ते_फतेगंज

सगळ्यांचे आभार, केरोसीनने साफ केलं. दोन पायऱ्या आहेत!! हबचे आटे दोन्ही चांगले दिसतायत, लॉकरिंग मात्र आतून गुळगुळीत झालीय, बोट फिरवलं तर दोनच आटे लागतात. हब 120 चा. चेन 12 इंच आणि 1/8 च्या वरच आली म्हणजे तिन्ही बदलायचे. शेल 68, काट्रिजवर 107 छापलंय. बोल्टांमधलं अंतर साडेशहात्तर. टायर पण घ्यायचाय, घराजवळच्या दुकानात 28 इंची मिळतोय स्वस्तात, माझ्या टायरवर पण 28 लिहिलंय. घेऊ का?

कलाभवनचा_जुना

थांब. टायरच्या कडेला बारीक अक्षरात 622 आहे की 635 ते वाच. 700सी म्हणजे 622, त्यावर पण 28 लिहिण्याची पद्धत आहे. आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींचा 28 गुणिले 1½ म्हणजे 635. तो तुझ्या रिमवर सैल बसेल, हवा भरली की बाहेर येईल.

बाकी तुझं माप एकदम सरळ निघालं. 17 चा इंग्लिश कॉग, 1.29 ची लॉकरिंग, 130 चं 48 चेनव्हील, 1/8 ची चेन, 68 गुणिले 107 चं जेआयएस काट्रिज, पण क्रँक जेआयएस आहे हे आधी खात्री करून घे. कॉग आणि लॉकरिंग शक्यतो एकाच मेकचे घे. आट्यांना ग्रीस लाव, कॉग चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) जोरात आवळ, मग लॉकरिंग हुक पान्याने. छिन्नी हातोडीने नाही, त्यानेच खाचा तुटतात. मग थोडी चालव, अकोटा ब्रिजवर चढाला जरा जोर लाव, आणि घरी येऊन लॉकरिंग परत एकदा आवळ, कारण कॉग अजून थोडा आत गेलेला असतो.

मकरपुरा_लेथ

चेन मधोमध वरखाली अर्धा इंच हलली पाहिजे, त्याहून घट्ट नको. चेनव्हील कधीच पूर्ण गोल बसत नाही, म्हणून पॅडल हळू फिरवत जिथे सगळ्यात घट्ट लागतं तिथे बघायचं. काट्रिज काढताना कप जाम असेल तर फ्रेम घेऊन ये, रविवारी बंद असतं.