चिनी मणी 'मुरानो' म्हणून विकले तर बिघडतंच!

मणीवेडी: काल इथेच कुणीतरी लिहिलंय, "चिनी मिलेफिओरी (फुलाफुलांच्या नक्षीचे) काचमणी हुबेहूब व्हेनिससारखे दिसतात, किंमत दहावा हिस्सा, मग रडारड कशाला?" राहवलं नाही. चीनने मणी करावेत, खुशाल विकावेत. पण स्वतःच्या नावावर! व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे बरेच कारागीर ज्योतीपुढे बसून तांब्याच्या तारेवर काच गुंडाळतात, मग तार आम्लात विरघळवतात. भोक आतून लख्ख. स्वस्त मण्याच्या भोकात पांढरी भुकटी सापडते. माझ्या नणंदेने व्हेनिसहून 'अस्सल मुरानो' माळ आणली. नखाने खरवडलं तर भुकटी!

निनाद_प: भुकटीवरून निकाल? जगभरचे हौशी लोक स्टीलच्या सळीला मातीचा लेप (भुकटी त्याचीच) लावूनच मणी करतात, इटलीतसुद्धा. आणि युरोपचं एवढं कौतुक कशाला? आपल्या गुजरातेतल्या खंबायतच्या अकीक दगडाच्या मण्यांची नक्कल बोहेमियाने (आजच्या चेक देशातला भाग) काचेत केली आणि आफ्रिकेत खपवली. तेव्हा कुठे होता वारसा?

सुलभाताई: खंबायतचा विषय काढलात म्हणून सांगते. अकीक घासणाऱ्यांच्या फुफ्फुसात धूळ जाऊन सिलिकोसिस होतो, घरच्या घरी घासायचं चाक चालतं म्हणून बायकापोरांनाही. आमच्या शेजारच्या काकांचा जन्म दगडखाणीत गेला, शेवटी दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. यावर धागा कोण काढणार?

निनाद_प: ताई, अगदी बरोबर. मुरानोवाल्यांसाठी मात्र सगळे हळवे.

सुलभाताई: कारखाना नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून भरपाई नाही.

मणीवेडी: ताई, तुमचा मुद्दा फार मोठा आहे, वेगळा धागा काढा, पहिली मी लिहीन. पण निनाद, त्याची ढाल करू नका! बोहेमियाने केलं म्हणून आज ग्राहकाला फसवायचं? २०२० साली युनेस्कोने इटली-फ्रान्सची काचमण्यांची कला वारशाच्या यादीत घेतली. त्यानंतर गॅस महागला आणि मुरानोतल्या भट्ट्या विझवायची वेळ आली. त्यांच्याच बेटाचं नाव लावून परका माल खपतो, तो त्यांच्या पोटावर पाय आहे.

निनाद_प: आवाज चढवू नका. खोटं नाव लावू नये, एवढं मान्य. पण चिनी कारागीर हलक्या हाताचा, हे मानणार नाही.

मणीवेडी: तसं मी कुठे म्हटलं? वर वाचा.

परदेशस्थ_मिलान: भांडण सोडा. 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' (मुरानोची कलात्मक काच) हा व्हेनिसच्या व्हेनेतो प्रांताचा शिक्का १९९४ च्या कायद्याने आला. पण तो घेणं सक्तीचं नाही, काही अस्सल कारागीरही घेत नाहीत. मी तरी दुकानदाराकडून बिलावर 'मुरानोत बनवलेले' असं लिहून घेतो. कां-कू केली की माळ परत ठेवतो.