गुरिएला: टिएस्टो गेल्यावरही प्रकल्प तोच म्हणायचा का?

निशाचर:
गुरिएला या ट्रान्स (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार) प्रकल्पाचं 'अनाहेरा' (२०१५) आवडलं म्हणून मागचं शोधत गेलो. जुन्या गुरिएलावर फेरी कॉर्स्टन आणि टिएस्टो अशी दोघा डच डीजे-संगीतकारांची नावं, नव्यावर एकटा कॉर्स्टन. मधे तेरा वर्षं काहीच नाही. मग हा एकच प्रकल्प धरायचा, की नुसतं नाव जुनं? आणि सुरुवात कुठून करावी? जाणकारांनी लिहावं.

अंतरा:
एकच. याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

१९९९ हे एकच साल घ्या. रॉटरडॅमचा कॉर्स्टन सिस्टम एफ या नावानं 'आउट ऑफ द ब्लू' काढतो, व्हिन्सेंट डी मूरबरोबर व्हेराकोचा नावानं 'कार्ट ब्लांश' काढतो आणि ब्रेडाच्या टिएस्टोबरोबर गुरिएला सुरू करतो. 'आउट ऑफ द ब्लू' ब्रिटनच्या विक्रीयादीत १४वं, प्रकल्पाच्याच नावाचं 'गुरिएला' १५वं. दोन्हीत गाण्याचे बोल नाहीत, तरी एवढ्या वर! माणूस तोच, पण प्रत्येक नावाचा स्वभाव त्यानं वेगळा राखला. गुरिएला हे नाव मोकळ्या, भव्य, भावना लपवून न ठेवणाऱ्या धुनेसाठी. त्याच वर्षी 'वाल्हाला' आलं, २००० मध्ये 'तेन्शी'. 'तेन्शी' ब्रिटनमध्ये ४५व्या क्रमांकापर्यंतच गेलं, पण तिघांत मला तेच सर्वांत हळवं वाटतं. यादीतल्या क्रमांकावरून त्याला जोखू नका.

आता मुद्द्याचं. टिएस्टो स्वतःच्या नावाच्या कामासाठी बाहेर पडला आणि २००२चं 'लिगाया' कॉर्स्टननं जॉन यूबँकबरोबर केलं. जोडीदार बदलला, तरी ब्रेकडाउन, म्हणजे ताल थांबून धून एकटी उरते तो भाग, ऐका. किक (ढोलाचा ठोका) थांबते, धून आधी दबलेल्या आवाजात येते, आवाज दाबणारा फिल्टर हळूहळू उघडत जातो आणि किक परतते तेव्हा तीच धून पूर्ण उंचीवर उभी असते. घाई कुठेच नाही. हा धीर गुरिएलाचा आहे, आणि 'अनाहेरा'मध्येही तो शाबूत आहे.

त्या तेरा वर्षांत कॉर्स्टन गप्प बसला नव्हता. 'राइट ऑफ वे' (२००३), 'एल.ई.एफ.' (२००६), 'ट्वाइस इन अ ब्लू मून' (२००८), 'डब्ल्यूकेएनडी' (२०१२) हे अल्बम स्वतःच्या नावावर काढले. गुरिएला हे खपणारं नाव हाताशी होतं, तरी त्यांतल्या एकावरही ते लावलं नाही. मला त्याच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

खर्जातला:
अंतराताई, बरंचसं पटलं. पण टिएस्टोचा वाटा तुम्ही फारच लहान केलात. पहिली तिन्ही रेकॉर्ड्स दोघांची आहेत. त्याच सुमारास दोघांनी व्हिमाना नावानं 'वी केम' केलं, ते ऐका. धून कमी, ताल जास्त, अंधारा रंग. त्या वेळच्या टिएस्टोच्या 'मॅजिक' या डीजे-मिक्स अल्बमांच्या मालिकेतही गडद, लांब चालीचं संगीत भरपूर होतं. 'वाल्हाला'च्या बेसमध्ये जो जोर आहे, तो मला 'अनाहेरा'त सापडत नाही.

अंतरा:
'वाल्हाला'च्या बेसबद्दल मान्य, तो जोर पुन्हा आला नाही. तरीही धुनेचा स्वभाव कॉर्स्टनचाच, हे मी सोडणार नाही. 'आउट ऑफ द ब्लू' आणि 'गुरिएला' लागोपाठ ऐका, सख्खी भावंडं वाटतील. आवाजाचं म्हणाल तर त्या काळच्या ट्रान्सवर रोलंड कंपनीच्या जेपी-८००० सिंथची (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्याची) छाप आहे. त्याच्या सुपरसॉ नावाच्या आवाजात ७ लहरी एकमेकींपासून किंचित सरकवलेल्या असतात, त्यामुळे एकच स्वर रुंद आणि थरथरता लागतो. पण ते यंत्र त्या काळी कितीतरी जणांकडे होतं. अशा धुना फार थोड्यांना सुचल्या.

निशाचर:
दोघांचेही आभार. मग क्रम काय ठेवू?

अंतरा:
'गुरिएला', 'तेन्शी', 'लिगाया', मग 'अनाहेरा'. ते झालं की 'वाल्हाला'. मूळ आधी, नंतर आर्मिन व्हान ब्यूरेन या डच डीजेनं रायझिंग स्टार या नावानं केलेलं रिमिक्स. 'नेबा' आणि 'व्हेनेरा' (दोन्ही २०१६) आणि 'सुर्गा' (२०१९) शेवटी. फक्त रेडिओसाठी कापलेल्या आवृत्त्या घेऊ नका. तीन-साडेतीन मिनिटांत ब्रेकडाउनला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. लांब आवृत्तीच घ्या.

खर्जातला:
आणि 'गुरिएला'नंतर लगेच 'वी केम' लावा. मग ठरवा कोणाचं पटतंय.