मदत हवी आहे: चाळिशीत कोडिंग सोडून मॅनेजर व्हावं का?

नमस्कार मंडळी. राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत (नाव नको). 16 वर्षं जावा आणि डेटाबेस, एवढंच येतं.

आमच्या प्रोजेक्टवर 11 माणसं, कोड लिहिणारी 4. बाकी प्रोजेक्ट मॅनेजर, डिलिव्हरी मॅनेजर, स्क्रम मास्टर वगैरे. त्यातले एक नक्की काय करतात ते मला दोन वर्षांत कळलेलं नाही, पण माणूस गोड आहे. गेल्या महिन्यात रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंट वापरतो ती चालू सिस्टीम, बसली. कॉलवर 9 जण. लॉग (सिस्टीमच्या नोंदी) चाळत होतो मी आणि दोन वर्षांपूर्वी लागलेली एक मुलगी. उरलेले दर दहा मिनिटांनी विचारणार, 'ईटीए काय?', म्हणजे कधी सुरू होईल. पहाटे तिलाच सापडलं: एका ठिकाणी डेटाबेसचं कनेक्शन उघडायचं, पण बंदच होत नव्हतं. क्लायंटच्या कौतुकाच्या मेलमध्ये तिचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं, पण मला सवय आहे.

आता अप्रेजलमध्ये सांगितलंय की पुढचा बँड (पगाराची वरची श्रेणी) हवा तर टीम सांभाळा, टेक्निकल लायनीत वर जागा नाही. माझे वडील याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात फिटर होते. त्यांचा फोरमन आधी स्वतः फिटर होता, मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा. आमच्याकडे कोड उघडून बघणारा मॅनेजर शोधून सापडत नाही.

मॅनेजर नकोतच असंही नाही. गूगलने 2002 मध्ये इंजिनिअरिंग मॅनेजर काढून बघितले, तर लोक खर्चाची बिलं घेऊन थेट संस्थापक लॅरी पेजकडे जायला लागले. प्रयोग गुंडाळावा लागला. पण अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर 2024 मध्ये मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण किमान 15 टक्क्यांनी वाढवायचं ठरवलं. हे वारं इकडे आलं तर? मी नेमका आत्ताच त्या मधल्या थरात जाऊन बसू? आणि कोडिंगला चिकटून राहावं, तर तिथे एआय.

सर्व्हिस कंपनीत (आमच्यासारख्या, क्लायंटची कामं करून देणाऱ्या) चाळिशीनंतर आर्किटेक्ट, म्हणजे सिस्टीमची रचना ठरवणारा, म्हणून कोणी टिकलंय का? ते पद मागायचं कसं, कोणाकडे? मॅनेजर होऊन पुन्हा कोडिंगला आलेलं कोणी आहे का? प्रॉडक्ट कंपनी (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी) बघायची तर 90 दिवसांचा नोटिस पिरियड आणि फ्लॅटचा हप्ता, दोन्ही मानेवर आहेत.

बायको म्हणते, मॅनेजर झालास की निदान शनिवार-रविवार तरी मिळतील. मिळतात का हो खरंच?