मीटिंगच्या नोट्स बाईनेच का घ्यायच्या?

रानपाखरू:
टीममध्ये सहा जण, त्यात मी एकटीच बाई. मीटिंग सुरू झाली की कुणीतरी सहज म्हणतं, "तू लिहून घे ना, तू नीटनेटकं करतेस", मग लिहिता लिहिता माझं बोलायचंच राहतं आणि अप्रेझलमध्ये शेरा येतो की पुढाकार कमी पडतो. एकदा ठामपणे बोलले तर लगेच "फार तिखट आहे हो ही". खूप त्रास होतो याचा. तुम्ही काय करता?

चांदणवेल:
अगदी हेच होतं गं. आणि असं समजणाऱ्यांत बायकाही असतात, हे जास्त लागतं. २०१२ मध्ये अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या पोस्टसाठी एकच अर्ज दाखवला होता, काहींना पुरुषाच्या नावाने, काहींना बाईच्या. बाईचं नाव असलं की ती कमी लायक वाटली, पगारही कमी सुचवला, आणि प्राध्यापिकांनीही तेच केलं. म्हणजे तुझ्यात काही कमी आहे असं मुळीच समजू नकोस.

साधामाणूस:
खरं सांगतो, मीही असंच बोलायचो, वाईट हेतू नव्हता पण बोलायचो. आता आमच्याकडे नोट्सची पाळी लावलीय. माझी पहिली पाळी आली तेव्हा कळलं, आधीचं वाक्य लिहून मान वर करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आपला मुद्दा मनातच राहतो. तुमच्या मॅनेजरला पाळीचं सुचवा, तेही मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर.

रानपाखरू:
सोमवारीच बोलते. थँक्यू दोघांना.