मदत हवी आहे: एनजिनएक्स वेबसर्व्हरमध्ये जीझिप (उत्तर आकुंचित, म्हणजे कॉम्प्रेस करून पाठवणं) चालू आहे, तरी सीएसएस आणि जावास्क्रिप्ट कॉम्प्रेस होत नाही

पाऊलवाट:
कॉन्फिगच्या एचटीटीपी ब्लॉकमध्ये 'जीझिप ऑन' लिहून रीलोड केलं. मग सर्व्हरवरूनच कर्ल या कमांडने 'अॅक्सेप्ट-एन्कोडिंग: जीझिप' हेडर लावून तपासलं. एचटीएमएलच्या उत्तरात 'कन्टेन्ट-एन्कोडिंग: जीझिप' दिसतं, पण ४१० केबीची जावास्क्रिप्ट फाइल आणि सगळी सीएसएस तशीच्या तशी येते. कॉम्प्रेशनची लेव्हल ९ करूनही फरक नाही. काय राहिलंय?

तळटीप:
लेव्हलचा इथे संबंध नाही. नुसत्या 'जीझिप ऑन'ने एनजिनएक्स फक्त टेक्स्ट/एचटीएमएल कॉम्प्रेस करतो. बाकीचे प्रकार 'जीझिप_टाइप्स'मध्ये नावानिशी द्यावे लागतात:

जीझिप_टाइप्स टेक्स्ट/सीएसएस टेक्स्ट/जावास्क्रिप्ट अॅप्लिकेशन/जावास्क्रिप्ट अॅप्लिकेशन/जेसन इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल;

जावास्क्रिप्टची दोन्ही नावं ठेवा. फाइल कुठल्या नावाने जाते हे माइम टाइप्सच्या फाइलवर (कुठल्या फाइलला कुठला प्रकार, याची यादी) ठरतं, आणि नाव जुळलं नाही तर एनजिनएक्स काहीही न बोलता ती तशीच पाठवतो. टेक्स्ट/एचटीएमएल मात्र यात घालू नका, डुप्लिकेटची वॉर्निंग येईल. जेपेग, पीएनजी आणि वॉफ२ फॉन्टही नकोत; ते आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, नुसता सीपीयू जळतो.

लेव्हल ५ वर आणा. त्यापुढे फाइल जेमतेम कमी होते आणि सीपीयूचा खर्च मात्र चढत जातो. 'जीझिप_मिन_लेंग्थ' (याहून लहान उत्तर कॉम्प्रेस होत नाही) मुळात २० बाइट्स असते, ती १०२४ करा. रीलोडच्या आधी 'एनजिनएक्स -टी' (कॉन्फिग तपासणारी कमांड) चालवायला विसरू नका.

पाऊलवाट:
सर्व्हरवरून तपासलं तर आता सगळं कॉम्प्रेस होऊन येतंय, धन्यवाद! पण डोमेनवरून, म्हणजे पुढच्या कॅशिंग प्रॉक्सीतून (उत्तरांच्या प्रती साठवून देणारा मधला सर्व्हर), एचटीएमएलसुद्धा कॉम्प्रेस न होता येतं.

रात्रपाळी:
प्रॉक्सी विनंतीत 'व्हाया' हेडर (विनंती प्रॉक्सीतून आली हे सांगणारा) घालत असणार. तो दिसला की एनजिनएक्स कॉम्प्रेस करत नाही, कारण 'जीझिप_प्रॉक्सीड' मुळात ऑफ असतं. ते 'एनी' करा. सोबत 'जीझिप_व्हेरी ऑन' (जीझिप आणि साधी प्रत वेगळी ठेव, असं कॅशला सांगणारं) हवंच, नाहीतर जीझिप न मागणाऱ्यालाही कॅशमधली जीझिप प्रत जाऊ शकते. नंतर प्रॉक्सीचा कॅश रिकामा करा. तोवर जुन्याच प्रती येत राहतील.

ज्या पानात गुप्त टोकन असतं आणि वापरणाऱ्याने पाठवलेला मजकूरही परत छापला जातो, त्या लोकेशनमध्ये (कॉन्फिगमधल्या त्या पत्त्याच्या ब्लॉकमध्ये) जीझिप ऑफ ठेवा. एचटीटीपीएस असलं तरी उत्तराच्या लांबीवरून टोकन ओळखता येतं. २०१३ साली उघड झालेला ब्रीच हल्ला तो हाच. सीएसएस आणि जावास्क्रिप्टला ही भीती नाही.

पाऊलवाट:
'व्हाया' हेडर लॉगमध्ये सापडला. 'एनी' केलं, कॅश रिकामा केला, आता डोमेनवरूनही जीझिप येतंय. लॉगिनच्या लोकेशनमध्ये ऑफ ठेवलंय.